मानमोडीची लस देण्याआधी

आधी कोंबड्या मोजा. हसू नका, इथेच घोळ होतो. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या, म्हणजे आपल्या मानमोडीच्या, लसीची लहानात लहान बाटली बहुधा शंभर मात्रांची येते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. तुमच्याकडे चाळीसच पक्षी असतील तर उरलेल्या साठ मात्रा उद्याला राहत नाहीत. म्हणून आळीतल्या तीन-चार घरांचे आकडे एकत्र करा आणि सगळ्यांची एकच संध्याकाळ ठरवा. मोजताना पिल्लं किती, तलंगा किती, मोठ्या किती हेही लिहा. कोणती लस आणायची ते वयावर ठरतं. दुकानदार मात्र फ्रीजमध्ये जी असेल ती हातात ठेवतो.

आता निवड. एफ-वन आणि लासोटा या दोन्ही जिवंत विषाणूच्या, पण सौम्य लसी. एफ-वन पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. लासोटा चौथ्या आठवड्याच्या आसपास. (लासोटा हे कंपनीचं नाव नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ज्या कुक्कुटपालकाच्या फार्मवर हा विषाणू सापडला, त्याचं ते आडनाव.) तिसरी जिवंत लस आरटूबी, आपल्याच उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरची; ती टोचून देतात. ती जास्त कडक, तिचं संरक्षणही जास्त टिकतं, पण आठ आठवड्यांच्या आत तिला हात लावायचा नाही. एका वर्षी मला घाई झाली. आखाडात पक्षी विकायचे होते, म्हणून पाच आठवड्यांच्या तलंगांना आरटूबी टोचली. आठवडाभरात काही तलंगा पाय फाकवून बसल्या त्या उठल्याच नाहीत. चूक माझीच होती, लस उत्तम होती. तेलातली मारलेल्या विषाणूची लसही मिळते. ती महाग, प्रत्येकीला टोचावी लागते, पण वर्षभर अंडी घेणाऱ्या शेडला परवडते. परसातल्या दहा कोंबड्यांसाठी मी तिच्या वाटेला जाणार नाही.

लासोटा पाण्यातूनही देतात. बंद शेडमध्ये हे सोपं पडतं. गावरान कोंबडी मात्र तुमच्या भांड्याची वाट बघत नाही, मोरीचं पाणी पिऊन मोकळी होते. तेव्हा परसात लासोटासुद्धा डोळ्यातच टाका. शेडमध्ये पाण्यातून देणार असाल तर नळाचं, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घातलेलं पाणी चालत नाही. क्लोरीन विषाणूला मारतं. विहिरीचं गार पाणी घ्या, लिटरला ५ ग्रॅम बिनमलईच्या दुधाची भुकटी आधी विरघळवा आणि मग लस घाला. महिनाभर वयाच्या शंभर पक्ष्यांना साधारण ३ लिटर पुरतं. त्याआधी तास-दीड तास पाणी काढून घ्या; उन्हाळ्यात त्याहून जास्त ताणू नका.

थर्मास किंवा बर्फाचा डबा आदल्या दिवशी धुऊन ठेवा. त्यात साबणाचा किंवा जंतुनाशकाचा वास राहिला नसावा. २ ते ८ अंश ही मर्यादा दुकानापासून खुराड्यापर्यंत पाळायची आहे. मोटारसायकलच्या डिकीत, पिशवीत गुंडाळून आणलेली लस म्हणजे पाणीच. आणि तेलातली लस असेल तर ती बर्फाला चिकटवून गोठवायचीही नाही. घेताना मुदत आणि बॅच नंबर दुकानातच वहीत उतरवा. लस विरघळवायचं द्रावणही मागून घ्या, तेही थंड करा. बाटली निर्वात सील केलेली असेल तर सुई टोचताच सिरिंजमधलं द्रावण ती स्वतः ओढून घेते. ओढलं नाही तर हवा आत गेली आहे, ती बाटली बाजूला ठेवा.

आठवडाभर आधी जंताचं औषध देऊन घ्या. ज्या खुराड्यात हिरवट पातळ शीट दिसते, कोंबड्या झुरतात, तिथे आधी पशुवैद्यकाला बोलवा, लस नंतर. या रोगावर औषध नाही, आणि रोग शिरल्यावर दिलेली लस वाचवेलच असं नाही.

संध्याकाळी, दिवेलागणीला कोंबड्या आत शिरल्या की सुरुवात करा. दिवसा पकडायला गेलात तर पोरांची करमणूक होईल, लसीकरण नाही. एकाने धरायचं, एकाने थेंब टाकायचा, एकाने लस झालेल्या कोंबड्या डालग्याखाली सोडायच्या, म्हणजे एकीला दोनदा नको आणि दुसरी कोरी राहायला नको. पिल्लाचं डोकं आडवं धरा, थेंब डोळ्यावर पडला की लगेच सोडू नका. ते पापणी मिटतं, उघडतं आणि थेंब आत जिरतो, तेवढं थांबा. द्रावण निळं असेल तर थोड्या वेळाने चोच उघडून बघा, जीभ निळसर दिसते. स्वतःचे डोळे जपा. लस उडाली तर माणसाचेही डोळे लाल होतात. हात साबणाने धुवा, रिकाम्या बाटल्या उकळून मग पुरा, उकिरड्यावर टाकू नका.

पुढचे चौदा दिवस बाजारातून नवी कोंबडी आणायची नाही. पाहुण्यांनी प्रेमाने आणलेला कोंबडाही वेगळ्या डालग्यात, लांब बांधायचा. आणि वहीत पुढची तारीख आजच टाका, कारण लासोटा घेतलेल्या अंड्यावरच्या कोंबड्यांना दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मात्रा लागते.