विंचू उतरल्यावर: मरणातून वाचलेल्या विश्वासणाऱ्याने काय करावं

मे महिना, वीज गेलेली. सकाळच्या चुलीसाठी गोवऱ्या काढायला अंधारात हात घातला आणि मधल्या बोटात कळ गेली. लाल विंचू. अर्ध्या तासात साडी घामाने भिजली, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. कुणी कांदा चोळला, कुणी उतारा केला. त्यात तास गेला. नेवाशाच्या रस्त्याला जीपमध्ये खोकला आला आणि तोंडाला गुलाबी फेस. दवाखान्यात प्राझोसिनची गोळी दिली, ऑक्सिजन लावला, विंचवाच्या विषावरची लस दिली. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्तदाबाची ही साधी गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली, म्हणून माझ्यासारखे कितीतरी जण आज जिवंत आहेत. पाचव्या दिवशी मी घरी आले.

वाचल्यानंतर कसं जगायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मला जे उमगलं ते सांगते.

आधी जेवा. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर प्रभू येशूने पहिली गोष्ट सांगितली ती, हिला खायला द्या. पुनरुत्थानानंतर त्याने स्वतःही शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. आपली आशा शरीराची आहे, नुसत्या आत्म्याची नाही. तेव्हा पेज, मऊ भात, जे उतरेल ते खा, झोपा, गोळ्या वेळेवर घ्या. उपास धरायची ही वेळ नव्हे.

पहिल्याच रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीसमोर सांगायला, उभं राहू नका. मंडळी प्रेमानेच आग्रह करते. पाळकसाहेब म्हणाले, “बाई, दोन शब्द बोला.” मी उभी राहिले, बोलायला गेले आणि मला त्या जीपमधला वास आला. पुढचं काही सुचेना. “अजून बोलवत नाही, प्रार्थना करा,” एवढं म्हटलं तरी चालतं. मी तीन महिन्यांनी बोलले.

तोवर स्तोत्रं वाचा, पण निवडून. भेटायला येणारे ९१ वं वाचतात, कारण त्यात काहीही अरिष्ट येणार नाही असं म्हटलंय. ते मला तेव्हा सोसवेना. अरिष्ट आलं होतं की! ११६ वं घ्या, त्यात मरणाच्या फासात सापडलेला माणूस बोलतो. आणि ८८ वं सोडू नका. ते अंधारातच संपतं, पण ती प्रार्थनाच आहे आणि ती पवित्र शास्त्रात आहे. माझे पहिले पंधरा दिवस त्याच्यावर गेले.

आता मुख्य गोष्ट. खाटेवरून उठणं म्हणजे पुनरुत्थान नव्हे. मला भेटायला आलेली प्रत्येक बाई म्हणायची, “लाजरासारखी उठलीस गं.” लाजर म्हणजे प्रभूने कबरेतून उठवलेला माणूस. मी योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुन्हा काढला. लाजर बाहेर आला तो हातपाय बांधलेला, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. “ह्याला मोकळे करा व जाऊ द्या,” असं इतरांना सांगावं लागलं. तो पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. विसावा अध्याय बघा: प्रभूची तागाची वस्त्रं कबरेतच पडलेली आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला. त्याला ते पुन्हा लागणार नव्हतं. मला लागणार आहे. मला मुदत मिळाली आहे, मरायला टेकलेल्या हिज्कीया राजाला पंधरा वर्षं मिळाली तशी, फक्त माझा आकडा मला ठाऊक नाही. हे कळल्यावर मी घाबरेन असं वाटलं होतं. उलट छातीवरचं ओझं उतरलं, कारण आता मरणातून वाचण्यातच सगळं शोधायची गरज उरली नाही.

पोराने तो विंचू मारून डॉक्टरांना दाखवायला पिशवीत आणला होता. मी नंतर तो निरखून पाहिला: बोटाएवढा, तांबूस, शेपटीच्या टोकाला बाभळीच्या काट्यासारखी वाकलेली नांगी. “अरे मरणा, तुझी नांगी कोठे?” हे वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत आले. मूळ ग्रीकमध्ये प्रेषित पौलाने इथे नांगीसाठी वापरलेला शब्दच बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, विंचवासारख्या शेपट्यांच्या टोळांसाठी आला आहे. पण पौलाच्या पत्रात, १ करिंथ १५ मध्ये, त्याच्या आधीचं वाक्य वाचा. जे विनाशी आहे ते अविनाशीपण परिधान करील, ‘तेव्हा’ हे वचन पूर्ण होईल. डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. माझ्या बोटाला अजून मुंग्या येतात. मरणाला अजून नांगी आहे, आणि ती कोण काढणार हे मला माहीत आहे. दोन्ही एकदम धरायचं.

रात्रीचं सांगते. भीती दोन-तीनच्या सुमाराला येते. आधी बॅटरी लावून अंथरूण झटका, चपला उलट्या करून पाहा. ही अविश्वासाची खूण नव्हे. मग योहान ११:२५, “पुनरुत्थान व जीवन मीच आहे,” मोठ्याने म्हणा. मनात नको, आवाज काढून. नवरा जागा झाला तर होऊ द्या. आणि दोन महिन्यांनंतरही छातीत धडधड होऊन झोप लागत नसेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

सगळ्यात अवघड काम शेवटी. त्याच महिन्यात शेजारच्या वस्तीवरचा सात वर्षांचा मुलगा विंचू चावूनच गेला. मी वाचले, तो का नाही? प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारा: हेरोद राजाने प्रभूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारलं आणि त्याच अध्यायात दुसरा शिष्य पेत्र याला देवदूताने तुरुंगातून काढलं. याकोबाचा विश्वास कमी होता असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून “देवाने मला वाचवलं” हे वाक्य त्या आईसमोर उच्चारू नका. तिच्याकडे जा, भाकरी घेऊन जा, बसा. मुलाचं नाव घ्या, ते नाव घ्यायला सगळे घाबरतात. तिने विचारलं तरच सांगा की शेवटच्या दिवशी तो उठेल. मला तिने चौथ्या भेटीत विचारलं.

उपकारस्तुती तर करायचीच. आमच्याकडे जेवण घालतात. मी त्या पैशांच्या बॅटऱ्या घेतल्या. दिवाळीनंतर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडतात, बाया पहाटे अंधारात चूल पेटवायला सरपणात हात घालतात. अकरा बॅटऱ्या वाटल्या, प्रत्येकीला लावून, विझवून दाखवली. त्या मुलाची आई माझ्याबरोबर आली होती. सरपणात हात घालायच्या आधी ते काठीने कसं उलटायचं, हे तिनेच दाखवलं.