बाळंतिणीची वही: डिस्चार्जनंतरचे ४२ दिवस

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या डिस्चार्ज कार्डावर मुलीचं वजन तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. माझं बीपी एकाही ठिकाणी नव्हतं. ‘आईची प्रकृती ठीक’ एवढं एकच वाक्य, तेही शिक्क्याने उमटवलेलं.

सहाव्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "झोप होत नसेल, दुसरं काय!" झोप होत नव्हतीच, त्यामुळे मलाही पटलं. संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा नणंदेने घरातलं बीपीचं यंत्र काढून माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. १६४/११२. तिने पुन्हा मोजलं आणि काही न बोलता गाडीची किल्ली उचलली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी असं चढू शकतं, त्यातून झटकेही येऊ शकतात, हे मला दुसऱ्या हॉस्पिटलात, हाताला सलाइन लागल्यावर कळलं.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी वही केली. साधी, दोनशे पानी. डावं पान बाळाचं: दूध, शी, शू. उजवं पान माझं: बीपी, ताप, पॅड किती बदलले, टाके, लघवी, सलग झोप किती आणि मन. बाळाचं पान पहिल्याच दिवशी गच्च भरलं. माझं दोन दिवस कोरं. बाकीच्यांना कशाला बोल लावू, मीच विसरले होते! तिसऱ्या दिवसापासून उजवं पान नवऱ्याकडे दिलं. तुम्हीही तेच करा. ओल्या बाळंतिणीने स्वतःची नोंद स्वतः ठेवावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

वहीचं पहिलं पान मात्र हॉस्पिटलातून निघण्याआधी भरायचं. निघतानाचं बीपी आणि हिमोग्लोबिन, रक्त किती गेलं, टाके किती आणि कुठे, कोणती गोळी किती दिवस. सगळं विचारून लिहून घ्या. मग तारखा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पहिल्या २४ तासांतल्या तपासणीनंतर ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात आई-बाळ दोघांची तपासणी व्हायला हवी. पुष्कळ ठिकाणी फक्त शेवटची तारीख हातात पडते. "मधल्या दोन कधी?" असं सरळ विचारायचं. रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा तोही घ्या आणि कॉटवरूनच एकदा लावून बघा. मला दुसऱ्या खेपेला दिलेला नंबर बंदच होता; तिथल्या तिथे दुसरा मिळाला.

आता फोनवर बोलायचं कसं. "बरं वाटत नाहीये" म्हटलं की "आराम करा" हेच ऐकू येतं. आकडा सांगा, दिवस सांगा: "बाळंत होऊन सहा दिवस झालेत. बीपी १४६/९४, थोड्या वेळाने पुन्हा मोजलं तरी तेवढंच. आज कधी येऊ?" पलीकडचा माणूस टाळायला लागला तर शांतपणे म्हणा, "तुमचं नाव सांगता? वहीत लिहायचंय." आवाज लगेच बदलतो, स्वतः अनुभवलंय. १४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. १६०/११० झालं तर फोनवर वेळ घालवायचा नाही, निघायचं.

निघायचंच अशी आणखी काही कारणं आमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईत होती. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं किंवा मोठ्या गाठी पडणं. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. छातीत दुखणं, धाप लागणं. न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं. आणि सगळ्यांत खाली, वेगळ्या चौकटीत: झोप अजिबात नाही तरी थकवा नाही, असंबद्ध बोलणं, विनाकारण संशय, नसलेले आवाज ऐकू येणं. हे दर हजारात एक-दोन बायकांना होतं, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि तिला स्वतःला ते उमगत नाही. घरच्यांनी तिला एकटं न सोडता त्याच दिवशी न्यायचं असतं.

मनाच्या रकान्यात नवरा आधी रोज ‘ठीक’ लिहायचा, कारण तो "कशी आहेस?" विचारायचा आणि मी "ठीक" म्हणायचे. मग आम्ही प्रश्न बदलले. आज रडलीस का? बाळ झोपलं होतं तेव्हा तुला झोप लागली का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चार दिवस ओळीने ‘नाही’ आलं आणि मला कागदावर ते वाचून धक्काच बसला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येतं, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं तर बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरणारी ‘एडिनबर्ग’ प्रश्नावली मागा. १९८७ साली खास बाळंतिणींसाठी तयार झालेली, गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न, एकूण गुण ३०. ती निदान करत नाही, पण १३ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी बोलणं लांबवू नये. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर असेल तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी सांगा. आणि हे नैराश्य बाळंतपणानंतर वर्षभरात केव्हाही सुरू होऊ शकतं. सहा आठवडे संपले म्हणून वही फेकू नका.

"काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना लगेच काम द्यायचं: रात्री दहा ते दोन बाळ तू सांभाळ. जे हसून विषय बदलतात त्यांच्याकडे पुन्हा मागायचं नाही, एवढं सोपं आहे.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला वही घेऊन जा आणि प्रश्न आधीच लिहून ठेवा, कारण तिथे बाळ रडायला लागलं की सगळं विसरतं. पहिल्या वेळी माझा एक प्रश्न लाजेपायी राहिला होता. शिंकलं, खोकलं की लघवी निसटायची. तीन वर्षं मी पाय आवळून शिंकले. दुसऱ्या वेळी तो वहीत पहिल्या ओळीत लिहिला होता आणि मला वाचून दाखवणं जमेना, म्हणून वहीच डॉक्टरांपुढे सरकवली. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी लिहून दिली. दोन मिनिटंही लागली नाहीत.