सांगलीत गावात घर बघताय? आधी फूट विचारा

सांगलीत बदली होऊन आलेले बहुतेक लोक सरळ विश्रामबागकडं घर बघतात, तिकडं उंच आहे, पुराची भीती कमी, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण ज्यांना गावातच राहायचंय, म्हणजे गावभाग, हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ ह्या बाजूला, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला गाव सोडवत नाही. मंडई चालत, गणपती मंदिर चालत, संध्याकाळी घाटावर जाऊन बसायला गाडी काढावी लागत नाही. फक्त नदीचं गणित समजून घर घ्या.

घर दाखवायला मालक आले की भाडं, डिपॉझिट सगळं नंतर, पहिला प्रश्न एकच, "आयर्विनला किती फूट झाल्यावर इथं पाणी येतं?" मालक गोलगोल बोलायला लागले तर शेजारच्या आज्जींना विचारा, गावातल्या जुन्या घरांना आपापला आकडा पाठ असतो. आयर्विन पूल १९२९ चा, तिथंच कृष्णेची पातळी बघतात, ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ ला मोठा पूर, मग २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्या वर, आणि लोक सावरतायत तोवर २०२१ च्या जुलैत परत. त्यामुळं २०१९ ची खूण कुठंय ते दाखवा म्हणायचं. नवा रंग मारलेला असला तर जिना बघा. आमच्या जिन्यात नववी पायरी बुडाली होती, दहावी कोरडी राहिली, अजून नवव्या पायरीच्या कडेला मातीची रेघ आहे आणि ती आम्ही मुद्दाम घासत नाही.

शक्यतो पहिला मजला घ्या. तळमजलाच परवडत असेल तर दोन गोष्टी बघा, लाईटचं मीटर आणि बोर्ड किती उंचावर आहेत, आणि वरच्या मजल्यावर सामान ठेवू देणारं कोणी आहे का. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वरच्या काकूंशी पहिल्या दिवसापासून नीट रहा, कारण फ्रिज, कपाट, पोरांची पुस्तकं शेवटी त्यांच्याच हॉलमध्ये जाणार आहेत.

जून लागला की कोयना आणि वारणा धरणांचा विसर्ग रोज बघायची सवय लावा. तिकडं सोडलेलं पाणी इथं लगेच पोचत नाही, तेवढा वेळ हातात मिळतो. आयर्विनला पाणी पस्तीस फुटांच्या पुढं गेलं आणि वर पाऊस चालूच असेल तर कागदपत्रं, दागिने, औषधं एका पिशवीत भरून ठेवायची. चाळीसला गाडी उंचावर नेऊन लावायची, नातेवाईक असतील त्यांच्या दारात, उगाच शेवटच्या दिवशी नको, तेव्हा सगळ्यांनाच जागा पाहिजे असते. गॅसची टाकी रेग्युलेटर काढून वर न्या, नाही जमलं तर बांधून ठेवा, रिकामी टाकी तरंगते आणि दारावर आपटत राहते. आणि नुसतं नदीकडं बघत बसू नका, पाणी आधी मोरीतून, संडासातून, गटारीतून उलटं वर येतं, तिथं वाळूची पोती दाबून ठेवायची. मेन स्विच बंद करूनच घर सोडायचं.

पाणी उतरतानाचं काम मात्र कोणी सांगत नाही. पूर्ण ओसरायची वाट बघायची नाही. घोट्याएवढं पाणी राहिलं की काठी आपटत, साप-विंचू बघत आत जायचं आणि त्याच पाण्यात खराट्यानं गाळ ढवळून बाहेर लोटायचा. एकदा पाणी गेलं आणि ऊन पडलं की तोच गाळ फरशीला असा धरतो की फावड्यानं खरवडावा लागतो, वर धुवायला नळाला पाणी पण नसतं. २०१९ ला आम्ही दोन दिवस उशिरा आलो, पुढं आठ दिवस खरवडत होतो. लाईट वायरमननं बघितल्याशिवाय चालू करायची नाही, कितीही अंधार असला तरी.

बाकीचं सोपं आहे. चारचाकी असली तर पार्किंगचा त्रास होणारच, बाजाराच्या वेळी तर विचारूच नका, टू-व्हीलर बरी. किराणा गणपती पेठेतून महिन्याचा एकदम भरा, फक्त पावसाळ्यात पोती जमिनीवर ठेवू नका.

आणि एकदा माळ्यावर चढवलेलं सामान ऊन पडलं म्हणून लगेच खाली घेऊ नका. गणेश चतुर्थीच्या आधी चार दिवस गणपती मंदिरात गुपचूप मूर्ती बसते, तिला चोर गणपती म्हणतात, आम्ही तो बसल्यावरच घडवंची लावून कपाट खाली उतरवतो.