वर-खाली होणारा पेशंट बेड घरी कसा वापरायचा: आधी गुडघे, मग पाठ

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर सांगतात घरी फाउलर बेड, म्हणजे हँडलने किंवा रिमोटने वर-खाली होणारा बेड, लावून घ्या, मग धावपळ करून बेड येतो, फिटिंगवाला दोनदा हँडल फिरवून दाखवतो किंवा रिमोट हातात देतो आणि निघून जातो. चार-पाच दिवसांनी घरातले म्हणायला लागतात की बेड तर आणला पण पेशंट सारखा खाली घसरतोय, हनुवटी छातीला टेकतेय, पाय खालच्या बोर्डाला जाऊन अडकतायत, आणि वर माकडहाडापाशी लाल दिसायला लागलंय. बहुतेक वेळा बेडमधे काही खराबी नसते, तो कुठल्या क्रमाने हलवायचा हेच कोणी सांगितलेलं नसतं. सगळा घोळ त्या घसरण्यात आहे, म्हणून खालचं बरंचसं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

कुठला बेड घ्यायचा

एक हँडल असेल तर फक्त पाठ वर होते, त्याला सेमी फाउलर म्हणतात. दोन हँडल म्हणजे पाठ आणि गुडघे, हा फुल फाउलर. काही बेडना उंची कमी-जास्त करायची सोय असते, आणि पाच फंक्शनचे इलेक्ट्रिक बेड असतात त्यात अख्खा बेड डोक्याकडे किंवा पायाकडे तिरका पण करता येतो.

माझं मत विचाराल तर पेशंट पूर्ण झोपून असेल आणि महिनोन्‌महिने तसंच राहणार असेल तर एक हँडलवाला बेड घेऊच नका. गुडघे वर होत नाहीत त्या बेडवर माणूस घसरणारच, तुम्ही कितीही उशा लावा. गुडघ्यानंतर जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे उंची, आणि ती पेशंटपेक्षा सांभाळणाऱ्याच्या कमरेसाठी. दिवसातून दहा वेळा वाकून डायपर बदलायचा, कूस बदलायची, पुसून काढायचं, त्यात कंबर गेली की घरात दोन पेशंट. अख्खा बेड तिरका करण्याचं फंक्शन मात्र घरी फारसं लागत नाही, आणि डोकं खाली घेण्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत, पोटातलं वर येऊ शकतं, श्वासाला त्रास होतो.

इलेक्ट्रिक की हाताचा? पेशंटचा हात चालत असेल आणि स्वतः बटण दाबून पाठ वर-खाली करता येत असेल तर इलेक्ट्रिक घ्या, दर वेळी कोणाला तरी हाक मारायला लागत नाही ही त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट असते. तसं नसेल तर चांगला हँडलवाला बेड पण व्यवस्थित चालतो. इलेक्ट्रिक घेताना एकच विचारा, लाइट गेली तर पाठ खाली कशी आणायची, बॅटरी आहे का किंवा हाताने फिरवायची सोय आहे का. ते करून दाखवल्याशिवाय माणसाला जाऊ देऊ नका.

जाता जाता, फाउलर हे नाव जॉर्ज रायर्सन फाउलर या अमेरिकन सर्जनचं. पोटात पू झालेल्या पेशंटना ते डोक्याकडची बाजू वर करून ठेवायचे, म्हणजे पू खाली ओटीपोटाकडे उतरेल. हँडल फिरवून पाठ आणि गुडघे वेगवेगळे उचलणारा बेड 1909 साली विलिस गॅच या दुसऱ्या अमेरिकन सर्जनने काढला. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली तरी मूळ कल्पना तीच आहे.

बेड लावताना

शक्यतो दोन्ही बाजूंनी जाता येईल असा लावा, एक बाजू भिंतीला चिकटवली की कूस बदलताना एकट्याची ओढाताण होते. डोक्याकडे भिंतीपासून थोडी जागा सोडा आणि पाठ पूर्ण वर करून बघा कुठे घासत नाही ना. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमधे, एक्स्टेंशनवर नको, आणि वायर चाकाखाली किंवा हलणाऱ्या पट्ट्यांमधे येत नाही हे एकदा खाली वाकून डोळ्यांनी बघा. चाकांचे ब्रेक सगळे लावायचे, दोन लावले की झालं असं नाही.

गादी बेडसोबतचीच किंवा बेडबरोबर वाकणारी फोमची घ्या. घरातली जाड कापसाची गादी टाकली की वाकायच्या जागी तिचा गोळा होतो आणि तो बरोबर कमरेखाली येतो.

रेलिंग आणि गादी यांच्यामधली फट नक्की तपासा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2006 साली यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात रेलिंगच्या आसपासच्या फटी 120 मिलिमीटरपेक्षा कमी असाव्यात असं आहे, कारण अशक्त किंवा गोंधळलेल्या माणसाचं डोकं तिथे अडकू शकतं. गादी बेडपेक्षा अरुंद असली की ही फट हमखास पडते. आणि पेशंटला भ्रम होत असेल, रात्री उठून उतरायला बघत असेल, तर रेलिंग वर केलं म्हणून निर्धास्त राहू नका, तो रेलिंगवरून चढून उतरायला जातो आणि मग जास्त उंचावरून पडतो. अशा वेळी बेड एकदम खाली घेऊन ठेवणं जास्त सुरक्षित.

पाठ वर करायची रीत

आधी नुसतं घसरण्याचं समजून घ्या. पाठ वर केली की शरीराचं वजन खाली सरकायला बघतं, पण कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते. आत हाड सरकतं, बाहेर कातडी अडकते, मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात आणि मुरगळतात. जखम आधी आत तयार होते आणि बाहेर नंतर दिसते, म्हणून बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) अचानक झाला असं वाटतं.

पहिली पायरी. बेड सपाट करा आणि पेशंटचा खुबा कुठे आहे ते बघा. बेड जिथून वाकतो बरोबर तिथे खुब्याचा सांधा यायला पाहिजे. पेशंट खाली सरकलेला असेल तर बेड त्याला कमरेत किंवा छातीखाली दुमडतो, पोट दाबलं जातं, श्वास अपुरा पडतो आणि तो आणखी घसरतो. खूप जण इथे चुकतात, घसरलेल्या माणसाला तसाच वर करतात.

दुसरी पायरी, खाली असेल तर वर ओढून घ्या, पण काखेत हात घालून नाही. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी एक आडवी चादर कायम खाली घातलेली ठेवा. बेड सपाट, ब्रेक लावलेले, बेड कमरेच्या उंचीला, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, चादर शरीराच्या जवळ गुंडाळून घट्ट धरायची, पेशंटला जमत असेल तर हनुवटी छातीकडे घ्यायला आणि गुडघे वाकवून पाय रोवायला सांगायचं, आणि एक-दोन-तीन म्हणून एकदम सरकवायचं. जरा उचलून सरकवा, फरफटवू नका. लकवा झालेला हात असेल तर तो आधी पोटावर ठेवून घ्या, त्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही.

तिसरी, आता गुडघे. पाठीला हात लावायच्या आधी गुडघ्याचा भाग थोडा वर घ्या, पंधरा-वीस डिग्री पुरे. यामुळे मांड्यांना अडसर मिळतो.

चौथी, मग पाठ, सावकाश. मधे एकदा थांबा, चेहरा बघा, चक्कर येतेय का विचारा. बरेच दिवस आडवा असलेल्या माणसाचं बीपी एकदम पाठ वर केल्यावर पडू शकतं, आणि बोलता न येणारा पेशंट ते सांगणार नाही, तुम्हालाच त्याच्या कपाळावरचा घाम आणि पांढरा पडलेला चेहरा बघून ओळखायचंय.

पाचवी पायरी कोणी सांगत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यात उपयोगी. पाठ हवी तेवढी वर झाली की पेशंटला खांद्याला धरून हलकेच पुढे झुकवा, पाठ गादीपासून क्षणभर सुटू द्या, तेवढ्यात पाठीमागे हात घालून वरून खाली फिरवून शर्टाच्या चुण्या सरळ करा आणि परत टेकवा. मग एकेक पाय गुडघ्याखाली हात घालून किंचित उचलून परत ठेवा. चिकटलेली कातडी सुटते, ताण निघून जातो. जपानमधे सांभाळणाऱ्यांना हे मुद्दाम शिकवतात, त्याला सेनुकी म्हणतात. बोलू शकणारा पेशंट इथे बहुतेक वेळा "आत्ता बरं वाटलं" म्हणतोच.

खाली घेताना उलटं, आधी पाठ मग गुडघे, आणि सपाट झाल्यावर परत एकदा कुशीवर करून पाठ मोकळी करायची.

किती वर

एरवी पडून राहताना 30 डिग्रीपर्यंतच. भरवताना किंवा पाणी पाजताना जितकं सरळ बसवता येईल तितकं, साठच्या पुढे, डोकं किंचित पुढे, आणि खाणं झाल्यावर निदान अर्धा तास लगेच आडवं करायचं नाही, नाहीतर ठसका लागून अन्न फुप्फुसात जायची भीती. नाकातली नळी असेल तर फीड देताना आणि नंतर 30 ते 45. बेडपॅन देताना पण पाठ वर घ्या, आडव्यानी कोणालाही नीट होत नाही.

आता डिग्री मोजायची कशी, तर मोबाइलमधे लेव्हल दाखवणारं ॲप असतं, ते पाठीच्या फ्रेमवर ठेवून एकदाच बघा, हँडल किती फेरे फिरवल्यावर 30 येतात ते मोजा आणि कागदावर लिहून पायाकडच्या बोर्डाला चिकटवा. मग ड्यूटीवर कोणीही असो, अंदाजपंचे काम होत नाही.

एक पेच मात्र राहतोच. दम लागणाऱ्या पेशंटला छाती वर हवी असते आणि माकडहाडाच्या कातडीला पाठ खाली हवी असते. श्वास आधी, यात वाद नाही. पण मग ती पाचवी पायरी आणि कूस बदलणं जास्त वेळा करायला लागतं.

कूस

साधारण दर दोन तासांनी बदला, कातडी नाजूक असेल तर त्याआधी. पूर्ण 90 डिग्री कुशीवर टाकलं की सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं, त्यापेक्षा पाठीमागे उशी लावून 30 डिग्री तिरकं ठेवा. दोन गुडघ्यांमधे उशी. टाचा हवेत राहतील अशी पोटरीखाली लांब उशी, टाचेखाली नाही.

एअर बेड (पंपाने हवा भरायची गादी) टाकलाय म्हणजे कूस बदलायला नको हा फार मोठा गैरसमज आहे. त्याचा पंप पेशंटच्या वजनाप्रमाणे सेट करायचा, मग कुल्ल्याखाली जिथे सगळ्यात जास्त वजन येतं तिथे एअर बेडच्या खालून तळहात सरकवून बघा, हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे, मधे साधारण एक इंच तरी हवा जाणवली पाहिजे. त्यावर एकच सैल चादर. रबर शीट, त्यावर गोधडी, त्यावर दुहेरी चादर असं केलं तर पैसे देऊन आणलेला एअर बेड वायाच जातो.

कूस बदलताना रोज माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू बघत चला. लाल जागा बोटाने दाबा, सोडल्यावर पांढरी न होता लालच राहिली तर ती सुरुवात आहे, तिथे वजन टाकणं लगेच बंद. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ पिलपिलीत लागतंय का बघा. त्या जागी चोळायचं नाही आणि मधे भोक असलेली गोल रिंग पण नको, ती कडेने रक्त अडवते. कातडी फुटली, पाणी आलं की डॉक्टरांना दाखवा.

थोडं राहिलेलं

गुडघे वर ठेवले की पेशंटला बरं वाटतं म्हणून दिवसभर तसेच ठेवू नका, सांधे त्याच अवस्थेत आखडतात आणि मग सरळच होत नाहीत. जेवण झालं, बसणं झालं की पाय सरळ. मणक्याचं, खुब्याचं ऑपरेशन किंवा डोक्याला मार असेल तर पाठ किती वर चालेल हे आधी विचारून घ्या, वरचे आकडे त्यांना लागू नाहीत.

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली, आणि बेडच्या न हलणाऱ्या फ्रेमला. रेलिंगला लटकवली की रेलिंग वर-खाली करताना नळी ओढली जाते. पाठ वर करायच्या आधी नळ्यांवरून एकदा नजर फिरवा, कॅथेटर (लघवीची नळी), ऑक्सिजन, नाकातली नळी.

काम करताना बेड कमरेपर्यंत वर, काम झालं की एकदम खाली. खाली घेताना बेडखाली लहान मूल, मांजर, स्टूल काही नाही ना ते बघा. हँडल वापरून झालं की दुमडून आत सारायचं, रात्री अंधारात नडगीला लागतं तेव्हा कळतं. महिन्यातून एकदा नटबोल्ट आवळा, हँडलच्या स्क्रूला थोडं ग्रीस लावा, आणि हँडल मधेच जड जायला लागलं तर जोर लावू नका, बहुतेक वेळा चादरीचं टोक नाहीतर वायर आत गेलेली असते.