ट्रेलोचा फलक एन८एनला जोडताना: दिवाळी अंकाच्या साहित्याची पहिली निवड

दिवाळी अंकासाठी पावसाळ्यात साहित्य मागवले की संपादकांच्या ईमेलमध्ये कथा, कविता, लेख, जाहिरातींची विचारणा आणि मागच्या वर्षीच्या मानधनाची आठवण हे सगळे एकाच रांगेत येऊन उभे राहते. ही रांग ट्रेलो या, कामांची कार्डे याद्यांत मांडण्याच्या ऑनलाइन सेवेच्या फलकावर घेऊन एन८एन या स्वयंचलन प्रणालीमार्फत एआयकडून तिची प्राथमिक विभागणी कशी करून घ्यावी, ते येथे सांगितले आहे. विभागणी म्हणजे केवळ लेबल लावणे होय. साहित्य चांगले की सुमार हे ठरवण्याचे काम या जोडणीकडे देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक ट्रेलो फलकासाठी त्याच्या प्रत्येक सदस्याला एक वेगळा ईमेल पत्ता मिळतो आणि तो फलकाच्या मेनूत सापडतो. त्या पत्त्यावर आलेल्या पत्राचा विषय कार्डाचे शीर्षक होतो, मजकूर वर्णनात जातो आणि जोडलेल्या फाइली कार्डाला लागतात. ही कार्डे 'नवीन आवक' अशा एका स्वतंत्र यादीतच उतरतील अशी निवड तेथेच करून ठेवावी.

त्यानंतर परवानगीचे काम येते. ट्रेलोच्या पॉवर-अप (पूरक जोडणी) व्यवस्थापनाच्या पानावर एक नवे पॉवर-अप नोंदवून एपीआय की, म्हणजे जोडणीची ओळख पटवणारी किल्ली, तयार करावी आणि त्याच पानावरील दुव्यावरून टोकन, म्हणजे खात्यात शिरण्याचा परवाना, घ्यावे. तेथे 'सीक्रेट' नावाची आणखी एक लांबलचक अक्षरमाळ दिसते. तिची आणि टोकनची गल्लत झाली की जोडणी होत नाही आणि चूक कोठे आहे तेही पटकन उमगत नाही. टोकनला ते काढणाऱ्या व्यक्तीचे अधिकार मिळतात, म्हणजे संपादकांच्या खात्यातून टोकन काढले तर संपादकांना दिसणारे सर्व फलक एन८एनलाही खुले होतात आणि यंत्राने केलेली नोंद संपादकांच्या नावावर दिसते. म्हणून यंत्रासाठी वेगळे खाते उघडून त्याला फक्त या एका फलकाचे सदस्य करावे. ही की आणि टोकन एन८एनच्या क्रेडेन्शियल, म्हणजे अशा किल्ल्या जपून ठेवण्याच्या, विभागात भरावेत. व्हॉट्सॲपच्या गटावर ते पाठवू नयेत, मग गट कितीही घरचा असो.

एन८एनमध्ये नवा वर्कफ्लो (टप्प्यांची साखळी) उघडून पहिला नोड (टप्पा) म्हणून ट्रेलो ट्रिगर, म्हणजे साखळी सुरू करणारा टप्पा, ठेवावा. तो फलकाचा आयडी मागतो. ब्राउझरमध्ये फलकाच्या पत्त्यापुढे 'डॉट जेसन' (.json) जोडून पान उघडले की हा आयडी मिळतो, आणि पुढे लागणारे लेबलांचे आयडीही त्याच पानावर असतात. एन८एन स्वतःच्या संगणकावर चालवत असाल तर येथे पहिला अडथळा येतो: वेबहुक (फलकावर काही घडताच दिलेल्या पत्त्यावर कळवण्याची सोय) नोंदवण्यापूर्वी ट्रेलो त्या पत्त्यावर स्वतः विनंती पाठवून २००, म्हणजे 'सर्व ठीक', हे उत्तर मिळते का ते तपासते, आणि घरातल्या संगणकाचा ५६७८ पोर्टवरचा पत्ता बाहेरून दिसत नसल्यामुळे ही तपासणी असफल ठरते. त्यासाठी बाहेरून पोहोचता येईल असा एचटीटीपीएस पत्ता घेऊन तो एन८एनच्या वेबहुक यूआरएल या सेटिंगमध्ये द्यावा लागतो. एन८एनची क्लाउड सेवा वापरणाऱ्यांना ही खटपट नसते, पण तेथे वर्कफ्लोच्या प्रत्येक फेरीची मोजणी होते, हे पुढच्या परिच्छेदासाठी लक्षात ठेवावे.

ट्रेलोचा वेबहुक फलकावरील जवळजवळ प्रत्येक हालचाल कळवतो. कोणी शेरा लिहिला, कार्ड सरकवले, तारीख बदलली, तरी वर्कफ्लो जागा होतो. आणि आपण एआयकडून लेबल लावले की तीसुद्धा एक हालचालच असते. ट्रिगरच्या लगेच पुढे गाळणी ठेवली नाही, तर एकाच कार्डाभोवती वर्कफ्लो स्वतःलाच पुन्हा बोलावू शकतो आणि प्रत्येक वेळी एआय मॉडेलचे पैसे मोजावे लागतात. म्हणून इफ (अट तपासणाऱ्या) नोडमध्ये हालचालीचा प्रकार तपासून फक्त कार्ड नव्याने तयार झाल्याची नोंद पुढे जाऊ द्यावी. हाताने बनवलेल्या कार्डाची नोंद 'क्रिएटकार्ड' (createCard) या नावाने आणि ईमेलने आलेल्या कार्डाची 'ईमेलकार्ड' (emailCard) या नावाने होते, तेव्हा दोन्ही नावे गाळणीत असावीत. वेबहुकबरोबर कार्डाचा आयडी आणि शीर्षक येते, पूर्ण वर्णन येतेच असे नाही. त्यामुळे गाळणीनंतर ट्रेलो नोडने आयडीवरून कार्ड पुन्हा मागवून घ्यावे.

आता मराठीपुरती एक अडचण. अनेक जुने लेखक अजूनही श्री-लिपीसारख्या, युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलिखित करतात, आणि तो मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की रोमन अक्षरे व चिन्हांचा काला दिसतो. असा काला मॉडेलपुढे ठेवला तर ते आपल्याला काही समजले नाही असे सांगेलच, याची खात्री नसते. एखादा वर्ग ठोकून देऊन ते मोकळे होण्याचीही शक्यता असते. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ हा पट्टा राखलेला आहे. वर्णनात या पट्ट्यातील अक्षरे आहेत का ते दुसऱ्या इफ नोडने पाहावे आणि नसतील तर कार्डाला 'हाताने पाहा' असे लेबल लावून तेथेच थांबावे. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांची पत्रेही या गाळणीत अडकतील, पण ती माणसाने वाचल्याने काहीच बिघडत नाही.

उरलेल्या कार्डांसाठी एन८एनमधील टेक्स्ट क्लासिफायर हा नोड पुरेसा आहे. त्याला आपल्या पसंतीचे भाषा-मॉडेल जोडावे आणि कथा, कविता, लेख, जाहिरात, हिशेब असे वर्ग द्यावेत. प्रत्येक वर्गापुढे एक-दोन वाक्यांत स्पष्टीकरण मराठीतच लिहावे. 'ललित' आणि 'लेख' यांतला आपल्या अंकापुरता फरक मॉडेलला आपोआप कळणार नाही. कोणताच वर्ग नीट लागू होत नसेल तर कार्ड 'इतर' या शाखेत जाईल असा पर्याय निवडावा. प्रत्येक शाखेच्या टोकाला त्या वर्गाचे लेबल लावणारा ट्रेलो नोड जोडला की साखळी पूर्ण होते. सोबतच्या वर्ड फाइली ही साखळी उघडत नाही. पण 'सोबत दोन कविता पाठवत आहे' एवढ्या पत्रावरूनही पहिली विभागणी होऊ शकते.

क्लासिफायरऐवजी एआय एजंट, म्हणजे स्वतःच कृती करणारे मॉडेल, वापरून त्यालाच कार्डे हलवण्याचे व उत्तरे पाठवण्याचे अधिकार देण्याचा मोह होईल. फलकाचा ईमेल पत्ता बाहेरच्या कोणाच्याही हाती पडू शकतो आणि पत्रात मॉडेलसाठी आज्ञा लिहून पाठवणेही अवघड नाही. म्हणून मी तो अधिकार देत नाही. शिवाय अप्रकाशित साहित्य आणि लेखकांचे फोन क्रमांक बाहेरच्या कंपनीच्या मॉडेलकडे जातात, याची कल्पना साहित्य मागवतानाच लेखकांना द्यावी, किंवा ओलामा या प्रणालीच्या साहाय्याने मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवावे.

वेबहुकला उत्तर मिळाले नाही तर ट्रेलो ३०, ६० आणि १२० सेकंदांच्या अंतराने आणखी तीन वेळा प्रयत्न करते व नंतर ती नोंद सोडून देते. दुपारी वीज गेली आणि सर्व्हर तासभर बंद पडला, तर त्या तासातली कार्डे लेबलाविना राहतात. त्यासाठी रोज रात्री एकदा चालणारा दुसरा, वेळापत्रकावरचा वर्कफ्लो ठेवावा. 'नवीन आवक' यादीतील लेबल नसलेली कार्डे शोधून त्याने ती याच साखळीत, वर्णन तपासणाऱ्या टप्प्यावर आणून सोडावीत.