छाटणीची भरपाई घेताना ईएसआयची बेकारी मदत कशी सांभाळावी

वडोदऱ्याच्या मकरपुरा किंवा नंदेसरी औद्योगिक भागातल्या कारखान्यातून हिशेब घेऊन बाहेर पडणाऱ्या कामगाराने आधी एक गोष्ट समजून घ्यावी. छाटणीची भरपाई घेतल्यामुळे ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) बेकारी मदत पुढे ढकलली जात नाही. ती अडते ती बहुधा त्या भरपाईसोबत सही केलेल्या कागदामुळे.

ही मदत अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून मिळते. 1 जुलै 2018 पासून सुरू झालेल्या या योजनेत विमाधारकाला आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवसांची रक्कम दिली जाते. मूळ दर सरासरी दैनिक कमाईच्या 25 टक्के होता. 2020 मध्ये तो 50 टक्के करण्यात आला आणि अर्जासाठीची 90 दिवसांची प्रतीक्षाही 30 दिवसांवर आली. ही वाढ मुदतीची असून ती वेळोवेळी लांबवली जाते, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला दर शाखा कार्यालयात विचारून घ्यावा.

हे 30 दिवस नोकरी सुटल्यापासून मोजायचे असतात, भरपाईचा धनादेश वटल्यापासून नव्हे. मालकाने महिन्याची नोटीस देऊन तेवढे दिवस काम करून घेतले, तर बेकारी त्या महिन्यानंतर सुरू होते. नोटिशीऐवजी पगार देऊन लगेच मोकळे केले, तर शेवटच्या कामाच्या दिवसानंतर. म्हणून मालकाने ईएसआयच्या पोर्टलवर भरलेली शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख आणि नोकरी सुटण्याचे कारण ताबडतोब तपासावे, आणि नोंद चुकीची असेल तर ती लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावी.

खरी काळजी कागदाच्या शब्दांची घ्यावी. छाटणीत प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो आणि सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळही वर्ष धरला जातो, म्हणजे 8 वर्षे 7 महिन्यांच्या सेवेला 135 दिवसांचा पगार होतो. याहून थोडी जास्त रक्कम देऊ करून राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही मागितली जाते, आणि घरात पैशांची निकड असताना तो मोह आवरणे खरोखरच कठीण असते. परंतु स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला, तसेच शिस्तभंगाच्या कारवाईत काढलेल्याला, ही मदत मिळत नाही. कागद गुजरातीत असेल, तर ‘राजीनामुं’ आणि ‘छूटा करवामां आवे छे’ (कामावरून कमी केले जात आहे) यांतला फरक घरातल्या जाणत्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

दरमहा 18,000 रुपये पगार असलेल्याची चार अंशदान कालावधींतली (विम्याची वर्गणी मोजण्याच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांतली), म्हणजे दोन वर्षांची, कमाई 4,32,000 रुपये होते. तिला 730 ने भागल्यास रोजचे सुमारे 592 रुपये येतात. 50 टक्के दराने 90 दिवसांचे साधारण 26,600 रुपये होतात. वाढीव रकमेच्या बदल्यात राजीनामा मागितला गेला, तर ती वाढ या आकड्याशी ताडून पाहावी.

नोकरी सुटण्यापूर्वी किमान दोन वर्षांची विमायोग्य, म्हणजे ईएसआय लागू असलेली, नोकरी असावी. शेवटच्या अंशदान कालावधीत किमान 78 दिवस आणि त्याआधीच्या तीनपैकी एकात किमान 78 दिवस अंशदान भरलेले असावे. आधार आणि बँक खाते विमा क्रमांकाशी जोडलेले ठेवावे, आणि छाटणीच्या पत्राची मूळ प्रत कोणाच्याही स्वाधीन करू नये.