शाल-श्रीफळाच्या आधी प्रोसिडिंग बुक उघडा

गावात कुणाचा सत्कार ठरला की मानपत्रासाठी माणसं माझ्या दारात येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि अक्षर बरं आहे, एवढीच माझी पात्रता. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव लहान, ग्रामपंचायत नऊ सदस्यांची. तिच्या तीन मावळत्या बॉड्यांना मी निरोप दिलाय. पहिला निरोप सपशेल फसला, दुसरा निभावला. तिसऱ्याला जे जमलं, ते इथं सांगतो.

आधी पहिल्याची फजिती. मानपत्रात मी सरपंचांना 'पाणीपुरवठा टाकीचे शिल्पकार' करून टाकलं. नारळ त्यांच्या हातून फुटला होता हे खरं. पण ठराव त्यांच्या आधीच्या बॉडीचा, आणि जागेसाठी भावकीत शिव्या खाल्लेले ते आधीचे सरपंच पहिल्या रांगेत बसलेले. टाळ्या झाल्या, त्यांनी वाजवल्या नाहीत. चहाला न थांबता चपला घालून निघून गेले. पुढं वर्षभर रस्त्यात भेटले की मला 'या शिल्पकार' म्हणायचे.

तेव्हापासून शालींच्या दुकानात जायच्या आधी मी ग्रामपंचायतीत जातो. ग्रामसेवकांना (आता पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण तोंडात ग्रामसेवकच बसलंय) विनंती करून सभांचं इतिवृत्त, म्हणजे प्रोसिडिंग बुक, बघायला मागतो. मासिक सभा महिन्याला एक धरली तरी पाच वर्षांच्या साठ होतात, वर वर्षाला किमान चार ग्रामसभा. वाचायला दोन दुपारी लागतात. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं असतात. ती नावं, ठराव क्रमांक, तारीख आणि विषय एका वहीत सदस्यवार उतरवून घ्या. तहकूब झालेले विषय मुद्दाम बघा, खरी धडपड तिथं सापडते.

आमच्या वॉर्ड 2 च्या सदस्य काकू ग्रामसभेत कधी तोंड उघडायच्या नाहीत. यांच्याबद्दल काय लिहावं म्हणून मी डोकं धरून बसलो होतो. वहीत सापडलं: वस्तीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत पथदिवे. विषय तीनदा आला, तीनदा 'पुढील सभेत घेण्यात यावा' असा शेरा. चौथ्यांदा मंजूर. चारही वेळा सूचक त्याच. कॉलेजच्या पोरी संध्याकाळच्या गाडीनं उतरतात, तो रस्ता.

पण कागदावरही आंधळा विश्वास नको. सूचकाचं नाव कधीकधी लिहिणाऱ्याच्या सोयीनं पडतं, जो शेजारी बसला असेल त्याचं. म्हणून वहीतली नोंद पाणी सोडणाऱ्या शिपायाला, आशाताईंना, लाइनमनला विचारून घ्या. कोण रात्री फोन उचलायचं आणि कोण बंद करून झोपायचं, ते त्यांना पाठ असतं. आमची ही बॉडी जानेवारी 2021 च्या निवडणुकीतली. निवडून आल्यावर दोन-तीन महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली आणि शाळेत विलगीकरण कक्ष उघडावा लागला. तिथं रोज डबे कोणी पोचवले याचा ठराव कुठल्याच रजिस्टरात नाही. ते आशाताईंनी सांगितलं. नाव निघालं विरोधी पॅनेलच्या एका पोराचं.

आता वेळ. आचारसंहिता चालू असेल तर थांबा. निवडणूक तोंडावर असेल तरीही थांबा, कारण मावळता सदस्य पुन्हा उभा राहणार असेल तर तुमचे आभार त्याच्या प्रचारात जमा होतात. नवी बॉडी किंवा प्रशासक खुर्चीवर बसला की मग घ्या. खुर्ची गेलेल्या माणसाला सत्काराचं निमंत्रण आलं की तो आधी बुचकळ्यात पडतो. त्यातच मजा आहे.

खर्च ग्रामनिधीतून करू नका. पुढं हिशेब विचारणारा विचारेलच, आणि त्याचं बरोबर असेल. आम्ही घरटी 20 रुपये काढले, ज्यांनी दिले नाहीत त्यांनाही बोलावलं. आमदारांना बोलावलं नाही. ते आले की कार्यक्रम त्यांचा होतो आणि दोन तास उशिराही होतो.

निमंत्रण नऊही जणांना, दोन्ही पॅनेलच्या. सदस्य बाई असेल तर पत्रिकेवर तिचंच नाव आणि खुर्चीवर तीच. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी हार घालून घ्यायला नवरा पुढं येतोच. मी सूत्रसंचालन करताना माइकवरून सरळ सांगितलं, 'दादा, तुम्ही बसा, आपण निवडून त्यांना दिलंय.' लोक हसले, दादाही हसले, बसले.

मानपत्र एका पानाच्या वर नको. कार्यसम्राट, विकासपुरुष, आधारवड हे शब्द मी आता वापरत नाही. ते कुणालाही चिकटतात. माणसागणिक तीन-चार वाक्यं पुरतात: काय केलं, कधी, त्यात काय आडवं आलं, आज ते कुणाच्या उपयोगी पडतं. नमुना देतो:

'वस्तीच्या रस्त्यावर दिवे नव्हते. आपण तो विषय चार सभांमध्ये मांडलात. पहिल्या तीन वेळी तो पुढं ढकलला गेला, आपण सोडला नाहीत. आज शेवटच्या गाडीनं येणाऱ्या मुली उजेडातून घरी येतात. गाव आपले आभार मानतं.'

जे जमलं नाही ते मानपत्रात आणू नका, पण जमलं असंही लिहू नका. आमच्या गटाराचं काम अर्धंच आहे. मी गटाराचा उल्लेखच टाळला आणि सगळ्यांना तो ऐकू आला.

भेटवस्तूचं सांगायचं राहिलं. शाली प्रत्येकाच्या ट्रंकेत पडून असतात, आणि सन्मानचिन्हावरची धूळ पुसायचं काम शेवटी घरातल्या बाईकडंच येतं. नारळ मात्र ठेवा, त्याची चटणी तरी होते. यंदा आम्ही रीतसर अर्ज करून प्रत्येकाच्या एकेका ठरावाची नक्कल घेतली आणि ती फ्रेम करून दिली. डबेवाल्या पोराच्या नावावर एकही ठराव नव्हता. त्याला शाळेच्या मुलांनी हातानं लिहिलेलं पत्र दिलं, तेही फ्रेममध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू फ्रेम घेऊन माझ्या दारात.

"गुरुजी, ह्यात माझं आडनाव चुकलंय. तेवढं नीट करून द्या की."

म्हटलं, "काकू, नक्कल आहे ती. मूळ ठरावातच चुकलंय."

"मग पाच वर्षं कुणी वाचलंच नाही म्हणायचं," असं म्हणत त्यांनी फ्रेम काखेत मारली आणि ग्रामपंचायतीची वाट धरली.